कवडशातील वंशी ते लेसरचा किरण : हवेतील रजःकणांचे प्रकाशाच्या साह्याने मापन

मानपरिभाषेचा अभ्यास करताना प्रत्येक आयुर्वेद विद्यार्थ्याच्या मुखी एक कोष्टक रुळलेले असते. शार्ङ्गधराचार्यांनी मानाचा प्रारंभ परमाणूपासून केला आहे. तीस परमाणूंचा एक त्रसरेणू होतो आणि त्यालाच वंशी हे दुसरे नाव आहे. पुढे सहा वंशींची एक मरीचि, सहा मरीचींची एक राजिका, तीन राजिकांचा एक सर्षप, आठ सर्षपांचा एक यव आणि चार यवांची एक गुंजा, अशी ही साखळी चढत जाते. चरकसंहितेच्या कल्पस्थानातही ध्वंशी व मरीचि ही सूक्ष्म माने आलेली आहेत. परीक्षा संपल्यावर आपण गुंजेच्या खाली फारसे उतरत नाही. तथापि या कोष्टकाच्या मुळाशी असलेला दृष्टान्त आजच्या काळात फार महत्त्वाचा ठरला आहे. झरोक्यातून घरात येणाऱ्या सूर्यकिरणात जो अतिसूक्ष्म रजःकण तरंगताना दिसतो, त्याच्या आधारे आचार्यांनी परमाणूची कल्पना मांडली. अंधारी खोली, एक लहानसे छिद्र, त्यातून येणारी प्रकाशाची शलाका आणि पाहणारा डोळा, एवढीच ही सामग्री. हवेतील धूलिकण मोजणारी आजची बहुतेक प्रकाशयंत्रे याच चार अंगांनी बनलेली आहेत.

हा विषय वैद्यकीय त्रैमासिकात घेण्याचे कारण व्यावहारिक आहे. नवी मुंबईत व्यवसाय करणाऱ्या आम्हा वैद्यांकडे येणारे श्वास, कास व प्रतिश्यायाचे रुग्ण अलीकडे मोबाईलवर हवेच्या गुणवत्तेचा आकडा घेऊन येतात. कित्येकांच्या घरी खिशात मावेल असे मापनयंत्रही असते. आज बाहेर फिरावे की नाही, धूप घालावा की नाही, असे प्रश्न ते विचारतात. या आकड्याचा अर्थ वैद्यास कळत नसेल, तर रुग्ण तो अन्यत्र विचारील. औषधनिर्मात्या बंधूंपुढे तर याहून गंभीर प्रश्न आहे. ज्या गाळ्यात चूर्ण कुटले व चाळले जाते, तेथील हवा कामगारांच्या प्राणवह स्रोतसात रोज काय भरते, हे पाहण्याचे साधन त्यांच्या हाताशी आहे किंवा कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दूषित वायूचा ग्रंथोक्त विचार

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात जनपदोद्ध्वंसाची मीमांसा करताना वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव सांगितले. विकृत वायूच्या लक्षणांत ऋतूला विपरीत असणे, अतिस्तब्ध वा अतिचल असणे यांबरोबरच असात्म्य गंध, बाष्प, वाळू, धूळ व धूर यांनी युक्त असणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हिक्का-श्वासाच्या निदानातही रज व धूम ही कारणे प्रारंभीच येतात. म्हणजे धूळ व धूर हे श्वासाचे हेतू आहेत, हे आपणास नव्याने शिकण्याची गरज नाही. प्रश्न आहे तो त्यांची मात्रा जाणण्याचा.

येथे सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायाचे स्मरण होते. प्रत्यक्ष प्रमाणाचे क्षेत्र अल्प आहे व अप्रत्यक्षाचे फार मोठे आहे, असे सांगून आचार्य वस्तू विद्यमान असूनही न दिसण्याची कारणे गणतात. अतिसमीप असणे, अतिदूर असणे, आवरण असणे, इंद्रियांचे दौर्बल्य ही त्यांपैकी काही होत. धूलिकणांच्या बाबतीत त्यांतील दोन कारणे विशेष लागू पडतात. एक अतिसौक्ष्म्य आणि दुसरे अभिभव, म्हणजे अधिक तेजाने झाकले जाणे. दिवसाच्या उजेडात तारे दिसत नाहीत, तद्वत उजळलेल्या खोलीत रजःकण दिसत नाहीत. खोली अंधारी केली की अभिभव दूर होतो. कवडशाचे तीव्र तेज कणावर पडले की अतिसौक्ष्म्याचा अडसरही बऱ्याच अंशी दूर होतो. प्रकाशयंत्राचे सारे तत्त्व या दोन वाक्यांत सामावले आहे.

कवडशात नेमके काय दिसते?

मनुष्याचा केस साधारणतः ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नुसत्या डोळ्यांना वस्तूचा आकार दिसावयाचा, तर ती याच सुमाराची असावी लागते. कवडशात मात्र याहून कितीतरी लहान कण चमकताना दिसतात. याचे कारण असे की तेथे आपण कणाचा आकार पाहत नसून त्याने सर्व दिशांना उधळलेला प्रकाश पाहत असतो. या उधळण्यास पदार्थविज्ञानात प्रकाशाचे विकिरण म्हणतात.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. कण त्याहून फारच लहान असला, तर तो निळा प्रकाश अधिक उधळतो. लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये हे गणिताने दाखविले व आकाशाच्या निळेपणाचा उलगडा झाला. कण तरंगलांबीएवढा वा त्याहून मोठा असला, की सर्व रंग जवळजवळ सारखेच उधळले जातात. अशा कणांनी भरलेले आकाश पांढुरके, धुरकट दिसते. गुस्टाव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये गोलाकार कणांसाठी याचे पूर्ण गणित मांडले. मोठे कण प्रकाश मुख्यत्वे पुढच्या दिशेने उधळतात. म्हणूनच खिडकीकडे पाठ करून उभे राहिल्यास कवडशातील धूळ फारशी दिसत नाही. खिडकीच्या दिशेने तिरपे पाहिल्यास मात्र ती लखलखते. पुढे औषधनिर्मितीच्या संदर्भात हा मुद्दा उपयोगी पडणार आहे.

टिंडाल यांचा प्रयोग

आयरिश शास्त्रज्ञ जॉन टिंडाल यांनी १८७० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये धूळ व रोग या विषयावर व्याख्यान दिले. अंधारात विजेच्या दिव्याची तीव्र शलाका सोडून त्यांनी वरवर स्वच्छ भासणाऱ्या हवेतील धूळ दाखविली. त्या शलाकेखाली ज्योत धरताच ज्योतीच्या वर काळोखाचे पट्टे दिसू लागले. धूर निघण्याऐवजी काळोख दिसला, याचा अर्थ धूळ जळून गेली होती. यावरून हवेत तरंगणारा पुष्कळसा भाग सेंद्रिय असावा, असे अनुमान त्यांनी काढले.

त्यांचा दुसरा प्रयोग प्रत्येक वैद्याने लक्षात ठेवावा असा आहे. तापविलेल्या काचनळीतून त्यांनी शलाकेवर उच्छ्वास सोडला. प्रारंभी फारसा फरक दिसला नाही. उच्छ्वासाच्या शेवटी मात्र शलाकेत काळे वर्तुळ उमटले. फुप्फुसाच्या खोल भागातून आलेल्या हवेत प्रकाश उधळणारा एकही कण उरला नव्हता. आत गेलेली धूळ बाहेर आली नाही, ती आतच राहिली. प्राणवह स्रोतसात रज साचते हे केवळ प्रकाशाच्या साह्याने इतक्या स्पष्टपणे दाखविणारा याहून साधा प्रयोग आमच्या पाहण्यात नाही.

वंशीच्या मापाने हवा

आता कोष्टकाकडे पुन्हा वळू. एक गुंजा म्हणजे ४ यव, ३२ सर्षप, ९६ राजिका, ५७६ मरीचि आणि ३४५६ वंशी. प्रचलित व्यवहाराप्रमाणे गुंजा १२५ मिलिग्रॅम धरल्यास एक वंशी सुमारे ३६ मायक्रोग्रॅम होते. कवडशात तरंगणाऱ्या एका सुट्या कणाचे वजन अर्थातच इतके नसते. दहा मायक्रॉनचा मातीचा कण याच्या हजारो पटींनी हलका असतो, आणि ३६ मायक्रोग्रॅमचा कण वाळूच्या दाण्याएवढा होईल, तो तरंगणार नाही. तेव्हा आचार्यांनी कण तोलला होता असे म्हणणे योग्य नव्हे. भागाकाराने उतरत गेलेली ही गणनेची पायरी आहे. तिचा उपयोग मात्र आपणास वेगळ्या रीतीने होतो.

भारताच्या २००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार २.५ मायक्रॉन व त्याहून लहान कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, वार्षिक सरासरी मर्यादा दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एक घनमीटर हवेत सुमारे एक वंशी. विश्रांत अवस्थेतील प्रौढ मनुष्य दिवसाला साधारण ११ घनमीटर हवा आत घेतो. मानकाच्या काठावरील हवेत राहणारा मनुष्य रोज सुमारे १२ वंशी, म्हणजे दोन मरीचि सूक्ष्म रज ओढतो. वर्षभरात हे प्रमाण सव्वा गुंजेच्या पुढे जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम सुचविली. त्या हिशेबाने वर्षाला गुंजेचा सहावा भागच आत जाईल.

ओढलेले सर्वच कण आत राहतात असे नाही, काही उच्छ्वासाबरोबर परत येतात. तरीही सव्वा गुंजा भस्म रुग्णास देताना आपण शोधन, मारण, अनुपान व कोष्ठ यांचा किती विचार करतो! येथे तर अशोधित, अमारित, अज्ञात द्रव्य अनुपानाशिवाय थेट फुप्फुसात जात असते. मात्रेची ही जाणीव रुग्णास करून देण्यासाठी मायक्रोग्रॅमपेक्षा गुंजेची भाषा अधिक परिणामकारक ठरते, असा आमचा अनुभव आहे.

आजची प्रकाशसाधने

हवेतील कणांचे मापन प्रकाशाने तीन प्रकारे होते.

पहिला प्रकार उधळलेला प्रकाश मोजण्याचा. नेफेलोमीटर हे यंत्र हवेचा नमुना अंधाऱ्या कोठीत घेऊन त्यावर प्रकाश टाकते व सर्व कणांनी मिळून उधळलेला प्रकाश मोजते. कणगणक यंत्रात हवेची बारीक धार लेसरसमोरून जाते, प्रत्येक कणाची स्वतंत्र चमक नोंदली जाते आणि चमकेच्या तीव्रतेवरून त्याचा आकार ठरविला जातो. घरगुती वापराची स्वस्त यंत्रे याच कुळातील होत. त्यांत एक लहान पंखा, एक लेसर व एक प्रकाशग्राही असतो.

दुसरा प्रकार अडलेला प्रकाश मोजण्याचा. एथॅलोमीटर या यंत्रात हवा गाळणपट्टीतून ओढली जाते. पट्टीवर काजळी साचेल तसा तिच्यातून पार होणारा प्रकाश कमी होतो. डिझेलचा धूर, लाकूडफाटा व कचरा जाळणे यांतून येणारी काजळी अशी मोजतात. विमानतळावर धावपट्टीची दृश्यमानता मोजणारी यंत्रेही याच तत्त्वावर चालतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने ‘दृष्टी’ हे असे देशी यंत्र विकसित केले आहे.

याच प्रकारात सन फोटोमीटर मोडतो. तो सूर्याकडे रोखला जातो. वातावरणाच्या माथ्यावर सूर्याचे तेज किती व जमिनीवर किती पोहोचले, यातील फरकावरून डोक्यावरील संपूर्ण हवेच्या स्तंभात किती कण आहेत हे कळते. निरनिराळ्या रंगांत हे मापन केल्यास कण बारीक आहेत की भरड, याचेही अनुमान होते. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने १९८० च्या दशकापासून दहा तरंगलांबींवर मापन करणाऱ्या यंत्रांचे जाळे देशात उभारले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २००४ मध्ये नासाच्या जागतिक जाळ्यातील सन फोटोमीटर बसविला गेला.

तिसरा प्रकार लिडारचा. आकाशात लेसरचा किरण सोडावयाचा आणि कोणत्या उंचीवरून किती प्रकाश परततो हे नोंदावयाचे. पुण्याच्या याच संस्थेत १९८६ पासून आर्गॉन लेसरवर आधारित लिडारने रात्रीच्या वेळी निरीक्षणे घेण्यात आली. महाराष्ट्रातील या कामाला इतका जुना वारसा आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. पुढे २००६ मध्ये कॅलिप्सो हा उपग्रह लिडार घेऊन अंतराळात गेला आणि २०२३ पर्यंत त्याने साऱ्या पृथ्वीवरील कणांच्या थरांच्या उंचीची नोंद केली.

या साधनांनी दाखविलेली एक गोष्ट चिकित्सकाने ध्यानात ठेवावी. उन्हाळ्यात पश्चिम भारतावरील संपूर्ण हवास्तंभात कण पुष्कळ असतात. परंतु तापलेल्या जमिनीमुळे हवा उंचावर घुसळली जाते व कण विरळ होतात. हिवाळ्यात रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची थंड हवा खाली बसते, वर उबदार थर झाकणासारखा राहतो आणि तेवढ्याच धुराचे प्रमाण नाकाच्या पातळीवर कितीतरी वाढते. आकाश पाहून केलेले अनुमान व श्वासातील हवा यांत म्हणूनच अंतर पडू शकते.

नवी मुंबईचे चित्र

सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि खाडी व पारसिकची डोंगररांग यांमधील चिंचोळ्या पट्ट्यात हे नगर उभे राहिले. ठाणे-बेलापूर मार्गालगतचा औद्योगिक पट्टा, तळोजे औद्योगिक वसाहत, शीव-पनवेल महामार्ग, जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारी अवजड वाहने, कळंबोलीचा लोखंड बाजार, डोंगरातील दगडखाणी आणि अखंड चाललेली बांधकामे हे येथील रज-धूमाचे प्रमुख स्रोत होत. विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडून सपाट करण्यात आली. त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. केंद्र शासनाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नवी मुंबईचा समावेश आहे.

बाहेरून येणारी धूळही असते. २३ जानेवारी २०२२ रोजी वायव्येकडून आलेल्या धुळीच्या वादळाने मुंबई परिसर झाकोळला होता व वाहनांवर पांढुरकी पूड बसली होती. १३ मे २०२४ रोजी वळिवापूर्वी उठलेल्या धुळीने भरदिवसा अंधारून आले. अशी धूळ भरड असते, डोळ्यांना दिसते आणि लोक सावध होतात. हिवाळ्यातील धुरक्याचे कण बारीक असतात. ते खोलवर जातात आणि रोजचेच असल्याने त्यांकडे कोणी लक्ष देत नाही.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मध्यवर्ती प्रयोगशाळा महापे येथील निर्मल भवनात आहे. ऐरोली, महापे, नेरूळ, सानपाडा, कोपरीपाडा-वाशी, कळंबोली, तळोजे अशा ठिकाणी सततच्या मापनाची केंद्रे आहेत. अशा केंद्रांत धूलिकणांसाठी बहुधा बीटा किरणांची पद्धत वापरतात. पट्टीवर साचलेल्या कणांचे वस्तुमान बीटा किरणांच्या शोषणावरून थेट कळते, कणांच्या रंगाचा वा चकाकीचा त्यात प्रश्न येत नाही. हे आकडे केंद्रीय मंडळाच्या ‘समीर’ या ॲपवर सर्वांना पाहता येतात.

प्रत्यक्ष आणि अनुमान

घरगुती लेसरयंत्राचा आकडा व शासकीय केंद्राचा आकडा यांत तफावत का पडते, हे आता समजेल. लेसरयंत्रास प्रत्यक्ष होते ती केवळ चमक. चमकेवरून आकार, आकारावरून घनफळ, घनफळावरून वस्तुमान ही सारी अनुमानाची साखळी आहे. अनुमान हेतूवर अवलंबून असते. हेतू सदोष असला की निष्कर्षही सदोष ठरतो.

पहिला दोष आर्द्रतेचा. खाडीकाठच्या हवेत समुद्रमीठाचे कण असतात. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मिठाचा कण पाणी शोषून फुगतो. यंत्रास मोठा कण दिसतो व आकडा चढतो, वस्तुतः वाढलेले असते ते पाणी. पावसाळ्यात वा धुक्याच्या पहाटे दिसणारा मोठा आकडा म्हणून सावधपणे वाचावा. दुसरा दोष भरड कणांचा. लहान पंख्याने जड कण नीट आत ओढले जात नाहीत, त्यामुळे खाण व बांधकाम यांची धूळ ही यंत्रे कमी दाखवितात. तिसरा दोष अतिसूक्ष्म कणांचा. ०.३ मायक्रॉनहून लहान कणांची चमक इतकी क्षीण असते की स्वस्त यंत्रास ती जाणवत नाही. वाहनाच्या नळीतून नुकत्याच निघालेल्या धुरातील असंख्य कण असे निसटतात.

तेव्हा या यंत्रांचा उपयोग तुलनेसाठी करावा. एकाच यंत्राने आत व बाहेर, आधी व नंतर, सकाळी व दुपारी अशी नोंद घेतल्यास ती बोधप्रद ठरते. एकाच आकड्यावरून रुग्णास घाबरविणे किंवा निर्धास्त करणे, दोन्ही अयोग्य.

चिकित्सालयात काय करावे?

प्रथम विहाराचा विचार. हेमंतात व्यायाम प्रशस्त मानला आहे व पहाटे फिरण्याचा सल्ला आपण सहज देतो. नवी मुंबईच्या हिवाळ्यात पहाटे व सकाळी प्रदूषित थर जमिनीलगत असतो. दुपारी जमीन तापून व समुद्राकडील वारा सुटून तो पांगतो. श्वासाच्या रुग्णास, वृद्धास व बालकास अशा दिवसांत उन्हे वर आल्यानंतर आणि महामार्गापासून दूर फिरण्यास सांगावे. काल व देश यांचा विचार करून उपदेश बदलणे हेच शास्त्रास धरून आहे. पीएम २.५ चे चोवीस तासांचे राष्ट्रीय मानक ६० मायक्रोग्रॅम आहे. त्याच्या पुढे आकडा गेल्यास घरातच व्यायाम करावा. बाहेर जाणे अटळ असल्यास एन ९५ प्रकारचा, चेहऱ्यास घट्ट बसणारा मुखपट्टा वापरावा. साध्या फडक्यातून सूक्ष्म कण सहज पार होतात. प्रतिमर्श नस्य आपण अवश्य द्यावे, परंतु ते मुखपट्ट्याचा पर्याय आहे असे सांगू नये. चालू असलेली श्वासाची औषधे, मग ती कोणत्याही पद्धतीची असोत, रुग्णाने आपल्या मनाने बंद करू नयेत हेही बजावावे.

दुसरा विषय धूपनाचा, आणि तो थोडा नाजूक आहे. व्रणधूपन, सूतिकागारधूपन यांना आपल्या शास्त्रात मानाचे स्थान आहे. परंतु धूप जाळल्याने हवेतील धूलिकण कमी होतात, असा दावा कोणी करीत असेल तर तो प्रकाशाच्या शलाकेपुढे टिकणार नाही. अंधाऱ्या खोलीत विजेरी लावून धूप पेटवावा, शलाका क्षणात दाट पांढरी होते. जळणाऱ्या द्रव्याचा धूर मुख्यत्वे एक मायक्रॉनहून लहान कणांचाच असतो, मग ते द्रव्य गुग्गुळ असो की उदबत्ती. जंतुघ्नता हा एक गुण आणि कणांचे प्रमाण ही दुसरी बाब. पहिलीसाठी दुसरी नाकारण्याचे कारण नाही. ज्या शास्त्राने धूमास श्वासाचा हेतू म्हटले, त्या शास्त्राच्या अनुयायांनी श्वासाचा रुग्ण बसलेला असताना प्रतीक्षाकक्षात धूप घालू नये. धूपन रिकाम्या खोलीत करावे, नंतर दारे-खिडक्या उघडून हवा पूर्ण बदलू द्यावी व मगच रुग्णास आत घ्यावे.

औषधनिर्मात्यांसाठी

औषधी द्रव्य व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ‘टी’ आयुर्वेदीय औषधनिर्मितीत उत्तम उत्पादनपद्धती बंधनकारक करते, हे निर्मात्यांना ज्ञात आहेच. निरीक्षणाच्या दिवसापुरती स्वच्छता आणि रोजची हवा यांतील अंतर मात्र ज्याचे त्यानेच तपासावयाचे असते.

ऐंशी नंबरच्या चाळणीतून जाणारे चूर्ण सुमारे १८० मायक्रॉनपर्यंतचे असते. वस्त्रगाळ चूर्ण त्याहून बारीक. पल्व्हरायझरमध्ये दळताना याहून कितीतरी लहान कणही निर्माण होतात. मोठे कण जमिनीवर बसतात, ते झाडूने गोळा होतात. दहा मायक्रॉनखालील कण मात्र बराच वेळ हवेत राहतात व दिसत नाहीत. मरिच, पिप्पली यांचे अस्तित्व शिंका व जळजळ यांनी जाणवते. वत्सनाभ, कुचला यांसारख्या विषद्रव्यांची, तसेच धातु-खनिजांची धूळ अशी सूचना देईलच असे नाही.

यासाठी सहज करता येण्यासारखी परीक्षा म्हणजे धूलिदीप. ब्रिटनमधील कामगार-सुरक्षा तपासणीत ही पद्धत वापरली जाते. काम चालू असताना इतर दिवे शक्य तितके मंद करावेत. अरुंद व तीव्र झोताचा दिवा यंत्राच्या एका बाजूस ठेवून झोत धुळीच्या जागेतून सोडावा. पाहणाऱ्याने दुसऱ्या बाजूस उभे राहून दिव्याच्या दिशेने तिरपे पाहावे आणि प्रत्यक्ष दिवा डोळ्यांत येऊ नये म्हणून मध्ये लहान फळी धरावी. पुढच्या दिशेने उधळलेला प्रकाश डोळ्यांत येतो व धुळीचे लोट कोठून निघतात, कोणत्या सांध्यातून गळतात, शोषण-नलिकेकडे जातात की कामगाराच्या मुखाकडे, हे स्पष्ट दिसते. पोते ओतण्याची जागा, चाळणीची कड, पिशवी झटकणे आणि कोरडा झाडू, या चार ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. मोबाईलवर चित्रण करून ठेवल्यास सुधारणेनंतर तुलना करता येते. विषद्रव्यांचे काम चालू असताना पाहणाऱ्यानेही योग्य मुखपट्टा घातल्याशिवाय ही परीक्षा करू नये.

यावरचे उपाय बहुतेकांच्या आवाक्यातील आहेत. दळणयंत्रावर बंदिस्त आवरण, धूळ जेथे निघते तेथेच शोषण, कोरड्या झाडूऐवजी ओला पोछा वा गाळणयुक्त निर्वात यंत्र, आणि कामगारास फडक्याऐवजी योग्य मुखपट्टा. धूलिदीप धूळ किती हे सांगत नाही, कोठे आहे ते सांगतो. प्रमाण ठरविण्यासाठी गाळणपट्टीवर नमुना घेऊन तोलणेच आवश्यक आहे.

समारोप

प्रकाशयंत्रे आपणास नवे निदान देत नाहीत. रज व धूम हे हेतू आचार्यांनी सांगितलेच आहेत. यंत्रे देतात ती मात्रा, स्थान आणि वेळ. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी म्हणून आपण रुग्णास सांगतो. ती पायरी आपल्या प्रतीक्षाकक्षात व औषधशाळेत आधी चढली गेली पाहिजे. सभासद वैद्यांनी येत्या हिवाळ्यात नजीकच्या मापनकेंद्राचा रोजचा पीएम २.५ चा आकडा व आपल्याकडे येणाऱ्या श्वास-कासाच्या रुग्णांची संख्या एकाच वहीत, शेजारी-शेजारी नोंदवावी, अशी आमची विनंती आहे. औषधनिर्मात्यांनी एकदा तरी गाळ्यातील दिवे मालवून धूलिदीपाची परीक्षा करावी. चार महिन्यांच्या अशा नोंदी संघटनेच्या बैठकीत एकत्र मांडल्या गेल्या, तर आपल्या परिसरासाठी ऋतुचर्येचा उपदेश अनुमानापेक्षा भक्कम पायावर उभा करता येईल.